तिनातला एक

धावत्या मोटारीची प्रकृती सगळ्यांनाच ठणठणीत वाटते. ती उभी राहिली म्हणजे खरे काय ते कळते, असे आमचे नाना म्हणत. हे ते कुठल्या पुस्तकात वाचून म्हणत नसत. पाटबंधारे खात्यात त्यांची सारी हयात गेली, आणि कालव्याच्या कडेकडेने धावणाऱ्या सरकारी जिपांशी त्यांचे जितके हितगुज झाले तितके घरातल्या माणसांशीही झाले नसेल. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. मला यंत्रातले काही कळत नाही, आणि खरे सांगायचे तर, कळत नाही याचा मला थोडासा अभिमानही होता. तो यंदा उतरला. कसा उतरला तेच सांगायचे आहे.

आमची गाडी म्हणजे १९९५ सालची मारुती ८००. ही जात आता बाजारातून गेली. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली तिच्या मालकाच्या हाती दिली, आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत किती मध्यमवर्गीय संसार या गाडीत दाटीवाटीने बसून लग्नाकार्याला गेले असतील, त्याची गणतीच नाही! वैजापुरात आमच्या दारी ती आली तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. आईने तिला हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि नाना आम्हा सगळ्यांना घेऊन रोटेगाव स्टेशनापर्यंत जाऊन आले. काही काम नव्हते. स्टेशनावर चहा प्यायलो आणि परत आलो. तेवढ्यानेही आम्ही काशीला जाऊन आल्यासारखे दिसत होतो.

नानांनी ती गाडी अठ्ठावीस वर्षे चालवली. २०२३ च्या पावसाळ्यात फाटकाच्या खांबाला तिचा गाल घासला, आणि मी किल्ली मागून घेतली. “नाना, आता तुम्ही निवांत बसा. मी आहे ना,” असे मोठ्या समजूतदारपणे म्हणालो. त्यांनी कनवटीची वस्तू काढावी तशी किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि ते ओसरीवरच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यानंतर हळूहळू त्यांचे बोलणेच कमी झाले. चहा झाला का, तर हो. बरे वाटते का, तर हो. आम्ही आपसात म्हणू लागलो, वय झाले. वय झाले, या दोन शब्दांत माणूस किती सोयीस्करपणे गुंडाळून ठेवता येतो!

गेल्या वर्षीच्या दिवाळीत मला उत्साहाचे भरते आले. घर झाडले, पुस्तके झटकली, आणि गाडीकडे वळलो. धुतली, पुसली, एवढ्याने भागेना म्हणून बॉनेट उघडून प्लगही काढले, पॉलिश पेपरने घासले आणि पुन्हा बसवले. मोठे काम केल्यासारखे वाटले. नाना ओसरीवरून पाहत होते.

त्यानंतर काही दिवसांनी गाडी थरथरू लागली. रस्त्याने पळताना काही नाही. फक्त चढ लागला की दम लागल्यासारखी करी. पण बसस्थानकासमोर गर्दीत उभी राहिली की सारे अंग हले. आरशात मागची रिक्षा नाचताना दिसे. आवाजही सलग नव्हता. वृत्तातले एखादे अक्षर गळाले म्हणजे ओळ जशी लंगडते, तशी ती लंगडत होती. एवढे मात्र मला, व्यवसायामुळे असेल, बरोबर ऐकू आले.

एका सकाळी मी कॉलेजला निघालो होतो. गाडी फाटकात उभी करून विसरलेला चष्मा आणायला आत आलो, तो नाना म्हणाले, “मधला गेलाय.”

आमच्या मधल्या आळीत एक वृद्ध गृहस्थ बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. मला वाटले, ते गेले. “अरेरे! कधी?” असे विचारून आणि उत्तराची वाट न पाहता मी गाडीत बसलो. संध्याकाळी त्या घरावरून जाताना पाहिले, तर ते गृहस्थ उशीला टेकून पेज पीत होते. नाना आता भ्रमिष्टासारखे बोलू लागले, असे मी सौभाग्यवतीला सांगितले. तिलाही वाईट वाटले.

गाडीच्या दुखण्यावर मग सल्ले सुरू झाले. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्याचा हा प्रताप, असे एकाचे निदान. दुसऱ्याच्या मते कार्बोरेटरमध्ये कचरा. शहरात कामासाठी गेलो असताना तिथल्या एका गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी कार्बोरेटर धुतला, तिन्ही प्लग नवे घातले, आणि तरीही थरथर जाईना तेव्हा एक स्क्रू पिळून आयडलिंग वाढवून दिले. म्हणजे उभी असतानाही गाडी जरा जोरातच घुमू लागली. थरथर त्या घुमण्यात बुडाली. तापकऱ्याला शाल पांघरून बसवावे, तसेच हे. पण मी समाधानाने पैसे दिले.

ही शाल आषाढात गळून पडली. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. आमच्या गाडीची पाळी यंदा, २०२५ मध्ये, आली होती. त्यासाठी आधी पी.यू.सी. हवे. पेट्रोलच्या गाडीची ही तपासणी तिला पळवून करीत नाहीत; उभी करून, मागच्या नळीत यंत्राचे नळकांडे सारून करतात. गाडी नापास झाली. कागदावर दोन आकडे होते. कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत होता. हायड्रोकार्बन मात्र, आमच्या गाडीच्या काळच्या गाड्यांना दिलेली दहा लाखांत १५०० भागांची मर्यादा ओलांडून बराच पुढे गेला होता.

मी तो कागद घरी टेबलावर टाकला. नानांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “कार्बोरेटर नव्हे. पेट्रोल जास्त झालं असतं, तर पहिला आकडाही वाढला असता. हे न जळता बाहेर पडतंय. ठिणगी बघ.”

“नवे प्लग घातलेत, नाना,” मी म्हणालो. माझ्या आवाजात, वर्गात मागच्या बाकावरून शंका आली म्हणजे असतो तसला, सुसंस्कृत कंटाळा होता.

“अहो, आता पुरे झाले हिचे लाड,” सौभाग्यवती म्हणाली. “नोंदणीचे पैसे, कर, दुरुस्ती. त्यापेक्षा मोडीत काढू या.”

नानांनी कागद घडी घालून ठेवला आणि ते आत गेले. त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, मोडीतच काढायची तर आपल्या माणसाकडून किंमत तरी करून घ्यावी म्हणून, मी गाडी गंगापूर रस्त्यावरच्या एका लहान गॅरेजात नेली. गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. पहिल्या वर्षानंतर त्याने कॉलेज सोडले होते, पण “सर” म्हणायचे सोडले नव्हते.

“मिसिंग मारतीय, सर,” आवाज ऐकताच तो म्हणाला.

इंजिन चालू ठेवून त्याने बॉनेट उघडले. या इंजिनाला सिलिंडर तीनच. डिस्ट्रीब्यूटरच्या टोपीतून तीन जाड काळ्या वायरी तीन प्लगांकडे जातात. बॅटरीची वीज अवघी बारा व्होल्टची. कॉइल ती हजारो व्होल्टांवर नेते, तेव्हा कुठे प्लगच्या टोकाशी मिलिमीटरभरही नसलेल्या फटीत ठिणगी पडते. १९१० च्या सुमारास अमेरिकेत केटरिंग नावाच्या इंजिनियराने ही बॅटरी-कॉइलची युक्ती मोटारीत बसवली. तो एके काळी ओहायोतल्या खेड्यात शाळामास्तर होता, हे वाचून मला पुढे फार बरे वाटले. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला नऊशे फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला साडेचारशे वेळा ठिणगी लागते. चार सिलिंडरांच्या गाडीत एक रुसला, तरी उरलेले तिघे कसेबसे निभावून नेतात. तिनातला एक गेला म्हणजे तिसरा हिस्साच गेला.

त्याने रबरी मुठीची पक्कड घेतली आणि पहिली वायर प्लगवरून क्षणभर उचलली. इंजिन गचके खाऊन बंद पडायला आले. वायर पुन्हा बसवली. तिसरी उचलली, तोच प्रकार. मग मधली उचलली. काहीच झाले नाही. जसे चालले होते तसेच ते थरथरत चालत राहिले.

“सापडला,” तो म्हणाला. “ज्याला काढून फरक पडत नाही, तो आधीपासूनच बंद असतो, सर.”

वाक्य त्याने सहज टाकले, पण मला ते कुठेतरी लागले. माणसांच्या बाबतीतही आपण हेच माप लावतो. अमका असला काय नि नसला काय, असे म्हणतो आणि त्याचा हिशेब संपवतो.

पण त्याचा हिशेब अजून संपला नव्हता. त्याने मधला प्लग काढून दाखवला. काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. तो पुसून दुसऱ्या वायरीला लावून पाहिला. लख्ख ठिणगी पडली. मग सिलिंडरचा दाब पाहिला, तोही ठीक. “प्लग चांगला, सिलिंडर चांगला,” तो म्हणाला. “थांबा.”

दिवेलागणीची वेळ होती. नुकतीच सर येऊन गेली होती. हवा दमट होती. त्याने सारे पुन्हा जोडले, गॅरेजातला दिवा मालवला आणि इंजिन सुरू केले. अंधारात, मधल्या वायरीच्या मानेशी, एक निळी किरण टिकटिक करीत इंजिनाच्या लोखंडावर उडी घेत होती. दिसायला फार सुंदर. तीच ती ठिणगी, जी आत पोचायला हवी होती.

त्याने वायर काढून मीटर लावला. दोन वायरींचा रोध मीटरने दाखवला. तिसरीचा काहीच दाखवला नाही. या वायरींच्या पोटात तांब्याची तार नसते, कार्बन मुरवलेला धागा असतो. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. तो धागा नाजूक. एकदा तुटला, की वीज आधी तुटलेल्या जागेवरून कशीबशी उडी मारते, मग फट वाढत जाते, आणि शेवटी तडकलेल्या रबरातून ती दुसरीकडेच पळते.

“कुणीतरी वायर धरून हिसडलीय, सर. वायर धरून कधी ओढायची नाही. टोकाचा रबरी बूट असतो ना, तो धरून, जरा पिळून काढायचा.”

मी काही बोललो नाही. दिवाळीतला माझा उत्साह मला आठवला.

नव्या वायरींचा संच बसवताना तो म्हणाला, “नानांनी संक्रांतीलाच सांगून ठेवलं होतं. चालत आले होते इथवर. म्हणाले, सर गाडी घेऊन आले, की मधली वायर बघ. पण तुम्ही आलाच नाहीत.”

घरी आलो तेव्हा नाना ओसरीवर होते. मी पायरीवर बसलो. सोळाव्या वर्षानंतर त्या पायरीवर बहुधा बसलो नव्हतो.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मधल्या वायरीला तू हिसडा दिलास, तेव्हा मी पाहत होतो.”

“मग मला सांगितलं का नाहीत, नाना?”

“सांगितलं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “दोनदा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पी.यू.सी. करायला निघताना मी त्यांना म्हणालो, “चला ना बरोबर.” ते पुढे बसले. या वेळी गाडी पास झाली. येताना रस्त्याकडेच्या लिंबाखाली त्यांनी थांबायला सांगितले. मी थांबलो. गाडी उभी होती आणि हलत नव्हती. आरशातला रस्ता स्थिर होता. नानांनी डॅशबोर्डावर पंजा ठेवला, जसा वासराच्या पाठीवर ठेवतात, आणि बराच वेळ ऐकले.

“आयडलिंग अजून चढं आहे. शहरवाल्यांनी वाढवलेलं. डिकीत पेचकस आहे बघ, निळ्या फडक्यात.”

होता. निळ्या फडक्यातच होता. ते खाली उतरले, बॉनेटवर वाकले. मी शेजारी उभा राहिलो. त्यांचा हात थोडा कापत होता, पण स्क्रूच्या खाचेत पाते बरोबर बसले. पाव फेरा, आणखी थोडा. आवाज खाली आला, सलग झाला.

“बस,” ते म्हणाले.

नोंदणी आता २०३० पर्यंत झाली आहे. तोवर गाडी कशी असेल, आम्ही कसे असू, कोणी सांगावे? पण त्या दिवशी लिंबापासून घरापर्यंत नाना कालव्यावरच्या एका जिपेची गोष्ट सांगत होते. भर पावसात, तीन सिलिंडरांवर, ती त्यांनी कशी घरी आणली त्याची. गोष्ट लांबली. फाटकात आलो तरी संपली नव्हती.

मी इंजिन चालूच ठेवले, आणि मध्ये बोललो नाही.