खोटा पाऊस

पाऊस पाडणे हे काम इंद्राचे. पण मीही एकदा पाऊस पाडला आहे. तोही भर जुलैत, शाळेच्या एका खोलीत, बाहेर खरा पाऊस कोसळत असताना! आमच्या सौ.ना ही हकिगत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हांला नसत्या उचापतींसाठी मुहूर्त बरा सापडतो."

माझे घर भोरचे. नोकरी मात्र सारी पुण्यात, कॉलेजात उपकरणशास्त्र शिकवण्यात गेली. त्यामुळे मामाला यंत्रातले सगळे कळते, असा माझ्या भाच्याचा समज आहे, आणि मामाने तो कधी दूर केलेला नाही. हा भाचा वेल्हे तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. २०२४ साली तालुक्याला राजगड हे नाव मिळाले, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसले आहे.

त्याने मुलांकडून एक पर्जन्यमापक करून घेतला होता. नरसाळ्याखाली ढेंगूळमेंगूळ झोका, त्याला दोन छोट्या वाट्या. पाव मिलिमीटरहूनही कमी, म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस झाला की भरलेली वाटी कलंडते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. दर वेळी एक लोहचुंबक एका बारीक स्विचसमोरून जातो, तारेतून एक पल्स निघते आणि मोजणी यंत्र एक आकडा पुढे सरकवते. ३१० आकडे झाले, की ६२ मिलिमीटर पाऊस. किती सोपे!

पण एका सकाळी साडेआठला काचेच्या मापात पाणी भरले ६२ मिलिमीटर, आणि यंत्र म्हणाले ९१. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नव्हती. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले, तेव्हापासून डोंगराच्या कुशीतली माणसे पावसाच्या आकड्याला भितात. इथल्या उताराखालच्या घरांनी आपल्यापुरता एक आकडा ठरवला होता. तो ओलांडला की पोराबाळांसह शाळेत झोपायला यायचे. त्या रात्री सगळी आली होती, एक बाळंतीणसुद्धा, आणि तीही उगाच. एकदा असे झाले की पुढल्या वेळी कोण येणार?

भाच्याचा फोन आला. मी म्हटले, "अरे, सोपे आहे. यंत्राला आपणच मोजून खोट्या पल्स द्यायच्या. किती दिल्या आणि किती मोजल्या, ते ताडून पाहायचे." त्यासाठी पल्स काढणारे साधन हवे होते. बचत गटाच्या बायांनी वर्गणी काढून अठरा हजार रुपये जमवले आणि माझ्या हाती दिले. मीही ऐटीत लॅपटॉपला जोडायची एक डबी घेऊन आलो. तिच्या कागदावर लिहिले होते, 'सेकंदाला दहा हजार वाचने'. एवढ्या आकड्याने माझे डोळे दिपले.

माझा संशय असा होता, की स्विचची पाती बसताना थरथरते, दार आपटल्यावर कडी खुळखुळते तशी, आणि यंत्र तो खुळखुळाटही मोजते. म्हणून दोन मिलिसेकंदांच्या अंतराने जोडपल्स द्यायच्या होत्या. डबीला तसे सांगितले. तिने कधी दहा मिलिसेकंदांनी दिली, कधी तीसनी! मग मी तो कागद चष्मा पुसून पुन्हा वाचला. दहा हजारांचा वेग ऐकण्याचा होता, बोलण्याचा नव्हे. प्रत्येक पल्स लॅपटॉपच्या हुकमाने निघायची, आणि लॅपटॉप शंभर कामांत गुंतलेला. डबीला स्वतःचे घड्याळच नव्हते. जन्मभर मुलांना जे शिकवले, ते स्वतः खरेदी करताना विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुण्याला, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. १९७२ साली बाजारात आलेली ५५५ ही चिप मनात होती. ती अगदी स्वस्त; पण नेमक्या पाचशे पल्स देऊन थांब, हे तिला एकटीला कळत नाही. शेवटी आर्डुइनो घेतला. इटलीतल्या इव्हरेआ गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी निघालेला हा बोर्ड. त्याचा आराखडा सर्वांना खुला, म्हणून तो अनेक जण बनवतात आणि पाचशे रुपयांच्या आत मिळतो. त्याच्या पोटातले घड्याळ सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके देते, आणि मध्ये त्याला दुसरे काम नसते. बोर्डाची वीज थेट मोजणी यंत्रात शिरू नये म्हणून मध्ये काही रुपयांचा ऑप्टोकपलर घातला.

आधी बोर्डाचीच परीक्षा घेतली. सेकंदाला एक पल्स, सोबत एक दिवा. मुलांनी मोठमोठ्याने शंभर उघडझापा मोजल्या. मग खोटा पाऊस सुरू केला. पाचशे स्वच्छ पल्स दिल्या. यंत्राने पाचशेच मोजल्या. पाचशे जोडपल्स दिल्या. यंत्र म्हणाले, एक हजार. चोर सापडला! तासाला १२० मिलिमीटर पाऊस पडला, तरी वाटी सहा सेकंदांनी एकदा कलंडते. म्हणून एक पल्स आली की पुढचे शंभर मिलिसेकंद कान बंद ठेव, असे यंत्राला सांगितले. बदलाला एक पैसाही लागला नाही. दुसऱ्या सकाळी माप आणि यंत्र यांचे जमले.

राहिले ते माझे अठरा हजार. दुकानदार उघडलेला माल परत घेईना. मी बायांपुढे उभा राहून माझी चूक सांगितली आणि पैसे पुढे केले. डबी शाळेतच ठेवली. तापमान वाचायला ती उत्तम आहे.

एक आजीबाई बराच वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी काका, पाऊस खराच हुता, मोजनाराच दोनदा मोजीत हुता?"

"होय आजी."

"आन् तुमी बी किंमत बगितली, काम न्हाई."

मी मान डोलावली. त्यांनी पैसे मोजून घेतले. एकदाच मोजले, पण नीट.