मामा की फौजदार?

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी फराळाच्या डब्यांची मोजदाद सुरू होते. चकल्यांचा डबा, चिवड्याचा डबा, लाडवांचा डबा. अनारशांचा डबा मात्र साताऱ्याहून यायचा. माझी ताई भाऊबीजेला येताना एस.टी.त तो मांडीवर घेऊन बसायची, का, तर धक्क्यांनी अनारसा मोडू नये! २०२२ सालापासून तो डबा येत नाही आणि ताईही येत नाही. त्याचे कारण सांगायचे, तर आधी माझ्या वर्गात घडलेली एक गोष्ट सांगायला हवी.

मी मराठीचा प्राध्यापक. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' किती वर्षे शिकवले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर काही दिवसांतच, हे नाटक रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवले. नाटकाच्या शेवटी दारूच्या धुंदीत सुधाकराच्या हातून तान्ह्या मुलाचा जीव जातो, सिंधू घायाळ होते आणि मरता मरता फौजदारापुढे नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देते. या जागी आलो की माझा आवाज कापरा होतो. खोटे कशाला बोलू, तो मी जरासा करतोही!

एके वर्षी असाच आवाज कापरा करून मी थांबलो, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, सिंधूनं नवऱ्याला वाचवलं, ते कळलं. पण त्या मेलेल्या बाळाच्या बाजूनं फौजदाराशी कोण बोललं?"

मी काळाचे संदर्भ सांगितले, पातिव्रत्याच्या कल्पना सांगितल्या, शोकांतिकेची गरज सांगितली. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. त्या दिवशी मला घंटेनेच वाचवले.

पुढे ताईचा शेखर शिक्षणासाठी आमच्याकडे पुण्याला राहायला आला. मेव्हणे लवकर गेले; ताईने शाळेत नोकरी करून त्याला वाढवलेले. मुलगा सरळ, अभ्यासू, घरात कुणाला उलट उत्तर न देणारा. २०२२ च्या सप्टेंबरातल्या एका पावसाळी रात्री तो साडेनऊच्या सुमारास घरी आला आणि जेवायला नको म्हणाला. घरातली निजानीज झाल्यावर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"मामा, पुलापलीकडे माझ्या गाडीची एका सायकलवाल्याला धडक बसली. तो पडला. मी थांबलो नाही."

तो दारू प्यायलेला नव्हता. परवाना खिशात होता. तो फक्त घाबरला होता. मी त्याला झोपायला पाठवले आणि स्वतः पहाटेपर्यंत जागा राहिलो.

सकाळच्या वर्तमानपत्रात तीन ओळी होत्या. अज्ञात वाहनाच्या धडकेने सायकलस्वार गंभीर जखमी. 'अज्ञात वाहन' हे शब्द चहाबरोबर मी रोजच वाचत आलो आहे. त्यात वाहन चालवणाराही कुणीतरी असतो, हे कधी डोक्यात आले नव्हते. आज तो अज्ञात माझ्याच घरात, माझ्याच बायकोने विणलेले पांघरूण डोक्यावरून घेऊन निजला होता.

यानंतर मी जे केले, ते सांगायला लाज वाटते. मी बादली आणि फडके घेऊन खाली गेलो. गाडीचा पुढचा दिवा फुटला होता. चिखल पुसायला मी वाकलो, तोच मागून सौभाग्यवतीचा आवाज आला.

"जन्मात कधी गाडी धुतली नाहीत, ती आज का धुताय?"

मी बादली तशीच वर आणली आणि तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. मग एवढेच म्हणाली, "त्या माणसाच्या घरी काल रात्री ताट वाढून कुणीतरी वाट बघत बसलं असेल हो."

दुपारी माझा वकील मित्र बापू याला गाठले. तो म्हणाला, "काही ठरावीक गंभीर गुन्ह्यांची खबर प्रत्येकानं द्यावीच, असं कायदा म्हणतो. असा अपघात त्यांत येत नाही. पण दिवा बदललास, तर तो पुरावा नाहीसा करणं. आणि त्याला लपवलंस, तर नवरा-बायकोला जी सवलत आहे ती मामाला नाही." १८६० च्या दंडसंहितेत हे असेच होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेतही ते तसेच आहे. "आता शेखरचं. मोटार वाहन कायद्याप्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवणं त्याचं काम होतं, आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणंही. पहिलं चुकलंच. दुसऱ्याला अजून वेळ आहे."

मी उठू लागलो, तसा तो पुढे म्हणाला, "आणखी एक ऐक. वाहन सापडलंच नाही, तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून ठरलेले पन्नास हजार मिळतात. सापडलं, तर विमा कंपनीकडून खरी नुकसानभरपाई मागता येते. तू गप्प बसलास, तर ती फुकट नसेल. तिचे पैसे तो सायकलवाला भरेल."

ताईला फोन केला. आधी ती रडली, मग संतापली. "तुझ्या भरवशावर पोर ठेवलं मी! तू त्याचा मामा आहेस की फौजदार? तुझा स्वतःचा मुलगा असता, तर असा निघाला असतास?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही. मला एकच मुलगी आहे आणि देवाने माझी ती परीक्षा अजून घेतलेली नाही.

संध्याकाळी शेखरला समोर बसवले. म्हणालो, "मी तुला पकडून देणार नाही, पण लपवणारही नाही. आठ वाजता मी चौकीवर जाणार. तू बरोबर आलास तर तुझा मामा म्हणून शेजारी उभा राहीन. नाही आलास, तर..."

पुढचे शब्द मला सुचेनात. तो खाली मान घालून बसला होता. मग त्याने विचारले, "मामा, तो माणूस जिवंत आहे ना?" मी होय म्हणालो. तो उठला आणि पायांत चपला सरकवल्या.

चौकीतल्या हवालदाराने आधी त्याला पाणी दिले आणि मग जबाब लिहून घेतला. सायकलवाला एका सोसायटीचा रखवालदार होता, रात्रपाळीला निघालेला. त्याचा पाय जोडला गेला, पण सायकल सुटली ती सुटलीच. भरपाई मिळाली, पुष्कळ उशिराने. शेखरच्या खटल्याच्या तारखा अजून पडताहेत. एक चांगली नोकरी पोलीस चौकशीच्या कागदावर अडली आणि हातची गेली. त्या दिवशी ताईचा फोन आला नाही; आला असता तर बरे वाटले असते. निदान ती भांडली तरी असती.

वाचकहो, मी योग्य केले, असे छातीवर हात ठेवून सांगायला हा लेख लिहिलेला नाही. 'एकच प्याला' मी अजून शिकवतो. सिंधूच्या जबानीपाशी आलो की आता आवाज कापरा करावा लागत नाही. तिच्या खोट्याने सुधाकर वाचला नाही. विष घेऊन तोही गेला. पण तिला मी दोष देऊ शकत नाही. बादली घेऊन जिना उतरलेला माणूस कुणाला दोष देणार? मी एवढेच करतो की, मागच्या बाकावरच्या त्या मुलीचा प्रश्न आता मीच वर्गाला विचारतो आणि घंटेची वाट बघत नाही.

ताईचा शेवटचा अनारशांचा डबा आमच्याकडेच राहून गेला होता. गेल्या आठवड्यात शेखर साताऱ्याला निघाला, तेव्हा सौभाग्यवतीने तो घासूनपुसून त्याच्या पिशवीत घातला. रिकामा डबा परत पाठवू नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली. शेखर परवा परत आला. मी काही न विचारता त्याच्या पिशवीकडे पाहिले. पिशवीत डबा नव्हता.

"आईनं ठेवून घेतला," तो म्हणाला. "बोलली काहीच नाही. पण तांदूळ भिजत घातलेत."