टीव्हीचा आवाज अ‍ॅम्प्लिफायरमधून

आजकालच्या पातळ टीव्हीचं चित्र जितकं देखणं, तितकाच त्याचा आवाज किरटा. कारण साधं आहे. आवाज म्हणजे हवा हलवायची. त्यासाठी स्पीकरचा कागद मोठा लागतो आणि त्याच्यामागे पेटीत मोकळी जागा लागते. बोटभर जाडीच्या टीव्हीत ना मोठा स्पीकर मावतो, ना पेटी. त्यात बहुतेक टीव्हींचे स्पीकर खालच्या कडेला जमिनीकडे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी खालच्या कपाटावर आदळतो आणि मग उरलासुरला आपल्यापर्यंत पोचतो. जुन्या टीव्हीत पिक्चर ट्यूबमुळे पेटी खोल असायचीच, आणि स्पीकरही बऱ्याचदा समोर तोंड करून असायचा.

आमच्या घरात याचा सगळ्यात जास्त त्रास आईला झाला. भिंतीवर नवा टीव्ही लागला आणि तिचं एकच पालुपद सुरू झालं, "हे सगळे तोंडातल्या तोंडात का बोलतात रे?" आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं, संवाद होते तिथेच. मग ती कंटाळून उठून जायची. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयानुसार उंच पट्टीचे आवाज थोडे कमी ऐकू येतात, श्रवणयंत्राची गरज इतक्यात नाही. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात. स, श, च, त यांसारख्या व्यंजनांची धार मात्र साधारण दोन हजार हर्ट्झच्या वर असते. ती गेली की माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आई हेच तर सांगत होती. दोष तिच्या लक्षाचा नव्हता. आम्ही घरातले सगळे मात्र "अगं, नीट लक्ष दे" म्हणत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुकानदाराने साउंडबार सुचवला. साउंडबार वाईट नसतात. पण बाबा म्हणाले, "घरात अ‍ॅम्प्लिफायर असताना साउंडबार कशाला?"

हा अ‍ॅम्प्लिफायर बाबांनी स्वतः जुळवलेला. ऐंशीच्या दशकात पुण्यात ज्यांना संगीताचं वेड आणि सोल्डरिंगची हौस दोन्ही होती, ती माणसं सुट्टीच्या दिवशी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सापडायची. तिथून आणलेले टू-एन-थ्री-झिरो-फाइव्ह-फाइव्ह हे धातूच्या टोपीचे जाडजूड ट्रान्झिस्टर, गुंडाळून घेतलेला ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅल्युमिनियमची चासी आणि सुताराकडून करून घेतलेली सागवानी पेटी. आठ इंची वूफर बसवलेले दोन स्पीकरही असेच घरी केलेले. वसंतराव देशपांडे आणि कुमार गंधर्व यांच्या कॅसेट मी याच्यावरच ऐकत मोठा झालो. कॅसेट डेक बंद पडला तसा सगळा संच कापडात गुंडाळून माळ्यावर गेला.

इतकी वर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगमध्ये खुपसायचं नाही, हा बाबांचा पहिला नियम. त्यांनी सिरीज लॅम्प काढला. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत शंभर वॉटचा साधा बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि सगळं नुकसान तिथेच थांबतं. बटण दाबलं. बल्ब एकदम उजळला, आणि आतले मोठे कपॅसिटर भरत गेले तसा हळूहळू मंदावत तांबूस झाला. बाबा बल्बकडे टक लावून बसले होते. म्हणाले, "भरतोय. ठीक आहे." बराच वेळ तसाच चालू ठेवून, ट्रान्झिस्टर गरम होत नाहीत ना हे मागच्या पट्टीला हात लावून पाहिलं, आणि मगच थेट वीज दिली. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची, ती कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून गेली.

स्पीकरच्या मागच्या लाल-काळ्या खुणा पुसट झाल्या होत्या. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर एकाचा कागद बाहेर येताना दुसऱ्याचा आत जातो, खर्ज नाहीसा होतो आणि माणसाचा आवाज मधोमध न येता कुठून तरी आल्यासारखा वाटतो. हे ओळखायला बाबांनी पेन्सिल सेल घेतला आणि त्याची दोन टोकं स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवली. टक् असा आवाज होऊन कागद किंचित बाहेर आला. सेलच्या धन टोकाला जी तार होती, तिला लाल चिकटपट्टी. दुसऱ्याही स्पीकरचं तसंच. दीड व्होल्टची ही युक्ती मला फार आवडली.

आता खरा प्रश्न, टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची गाठ घालायची कशी. टीव्हीच्या मागे हेडफोनचं भोक असेल तर काम अगदी सोपं. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना असलेली वायर आणायची, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या 'ऑक्स' किंवा 'टेप'मध्ये लावायची. बहुतेक टीव्हींवर आवाजही रिमोटने कमी-जास्त होतो. आमच्या टीव्हीला ते भोक नव्हतं. त्याच्या मागे होतं एचडीएमआय आणि एक छोटंसं चौकोनी दार, 'ऑप्टिकल' लिहिलेलं. एचडीएमआयच्या एका खोबणीवर 'एआरसी' लिहिलेलं असतं, तिच्यातून टीव्हीचा आवाज बाहेर काढता येतो. पण ती घेणारा अ‍ॅम्प्लिफायर नव्या जमान्याचा लागतो. बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरला एचडीएमआय सोडाच, लाल-पांढऱ्या आरसीए खोबण्यासुद्धा नव्हत्या. त्याला होती त्या काळची पाच पिनांची गोल डिन सॉकेट.

ऑप्टिकल केबलमधून वीज जात नाही, प्रकाश जातो. जपानच्या तोशिबाने १९८३ मध्ये ही पद्धत बाजारात आणली. केबलच्या दोन्ही टोकांवर प्लॅस्टिकच्या बारीक टोप्या असतात, त्या काढाव्या लागतात. एक टोक टीव्हीत बसवलं की दुसऱ्या टोकातून लाल उजेड दिसतो. बाबांनी तो तळहातावर पाडून पाहिला. या उजेडात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. त्याचा पुन्हा विजेचा संकेत करायला मध्ये डॅक नावाची डबी लागते. हजार रुपयांच्या आत मिळते. पुन्हा तपकीर गल्लीत गेलो, डबी घेतली आणि डिनची पिनही शोधून आणली.

डिनमध्ये पाच पिना एका अर्धवर्तुळात असतात, पण त्यांचे क्रमांक ओळीने नसतात: एक, चार, दोन, पाच, तीन. मधली दोन नंबरची ग्राउंड. टेपकडून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये येणारा आवाज तीन आणि पाच नंबरवर. एक आणि चार या रेकॉर्डिंगसाठी बाहेर जाणाऱ्या. बाबांना आता इतकं बारीक दिसत नाही. ते क्रमांक सांगत गेले, मी भिंगाखाली सोल्डर करत गेलो. आणखी एक गोष्ट त्यांनी करायला लावली. आजच्या उपकरणांचा आउटपुट दोन व्होल्टपर्यंत जातो, आणि त्या काळच्या टेप इनपुटला काहीशे मिलिव्होल्ट पुरायचे. तसंच जोडलं तर बटण जरा फिरवताच आवाज फाटतो. म्हणून प्रत्येक बाजूला वाटेत दहा किलो-ओहमचा एक रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडला दोन पॉइंट दोन किलो-ओहमचा दुसरा. दोन व्होल्टचे साधारण साडेतीनशे मिलिव्होल्ट झाले.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाजासाठी 'पीसीएम' निवडावं लागतं. 'डॉल्बी' किंवा 'ऑटो' राहिलं तर साध्या डॅकला ती भाषा कळत नाही. एक तर सगळं चिडीचूप, नाही तर नुसती खडखड. पीसीएम केलं आणि आवाज आला. भरदार आला. पण त्याच्याखाली घूंऽऽ असा अखंड गुंजारव होता.

या गुंजारवाबद्दल सविस्तर सांगतो, कारण पुष्कळ लोक इथेच हात टेकतात. बाबांनी आधी डिनची पिन उपसली. अ‍ॅम्प्लिफायर शांत. म्हणजे आतले कपॅसिटर ठीक आहेत, आवाज बाहेरून येतोय. पिन परत लावली आणि सेट-टॉप बॉक्समधली केबलवाल्याची गोल वायर काढली. गुंजारव बंद! वायर लावली, पुन्हा सुरू. ही केबल शेजारच्या इमारतीवरून येते आणि तिचं बाहेरचं आवरण कुठे तरी लांब जमिनीला जोडलेलं असतं. आपला अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमधून घराच्या अर्थिंगला जोडलेला. दोन ठिकाणच्या जमिनीत विजेचा थोडा फरक असतोच. दोन्ही एकमेकांना जोडल्या गेल्या की त्या वाटेने बारीक प्रवाह वाहतो आणि आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेची घरघर स्पीकरमधून ऐकू येते.

पण मध्ये तर ऑप्टिकल होतं. प्रकाशातून प्रवाह वाहणार कसा? बाबांनी डबीकडे बोट दाखवलं. डॅकला लागणारी पाच व्होल्टची वीज टीव्हीच्याच यूएसबीतून घेतली होती, सगळे घेतात तशी. प्रकाशाने जी वाट तोडली होती, ती या यूएसबीच्या वायरने पुन्हा जोडली होती. डॅकला मोबाइलचा वेगळा चार्जर लावला. स्पीकरला कान लावला तरी काही ऐकू येईना.

अशी घरघर आली की अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, असा सल्ला देणारे भेटतात. त्याने घरघर जाते हे खरं. पण आत कधी वायर सुटून चासीला लागली तर ती पिनच आपला जीव वाचवते. बाबा एरवी शांत माणूस. या सल्ल्यावर मात्र त्यांचा आवाज चढतो. ती पिन कोणीही, कधीही काढू नये.

शेवटची मांडणी आईच्या सोयीने केली. ऑप्टिकलमधून जाणारा आवाज आमच्या टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नाही. म्हणून पाच मीटरची ऑप्टिकल केबल भिंतीच्या कडेने आणली (तिला काटकोनात दुमडायचं नाही, वळण मोठं ठेवायचं) आणि अ‍ॅम्प्लिफायर तिच्या खुर्चीशेजारच्या तिपाईवर ठेवला. तिथून स्पीकरच्या जाड तांब्याच्या तारा टीव्हीच्या दोन्ही बाजूंना नेल्या. बसल्या जागेवरून तिला तीन गोल बटणं हाताला येतात: आवाज, बास, ट्रेबल. ही बास-ट्रेबलची रचना पीटर बॅक्सॅन्डल या इंग्रज इंजिनिअरने १९५२ मध्ये मांडलेली. बाबांच्या पिढीतल्या हौशी लोकांना ती तोंडपाठ असायची. ट्रेबल जरा वर, बास जरा खाली. बातम्या लागल्या होत्या. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, "आता शब्द सुटे झाले."

रात्री 'कट्यार काळजात घुसली' लावला, सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला २०१५ चा चित्रपट. बाबांनी मूळ नाटक वसंतराव खाँसाहेबांच्या भूमिकेत असताना पाहिलेलं, त्यामुळे चित्रपटाबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. पुरुषी पट्टीच्या तानपुऱ्याचा खर्ज सत्तर हर्ट्झच्या आसपास असतो. टीव्हीचे स्पीकर तिथवर उतरतच नाहीत. ऐकू येतो तो फक्त वरचा झणकार. आठ इंची वूफरमधून तो खर्ज खोलीत भरला, तसं बाबांनी बास पुन्हा जागेवर आणला. आई म्हणाली, "संवाद आले की सांगा, मी कमी करते." आता बटण तिच्याच हातात असतं.

ज्यांच्या घरी असा जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल त्यांनी जोडाजोडी करताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. 'फोनो' लिहिलेल्या खोबणीत टीव्ही लावू नये. ती रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण संकेतासाठी असते, टीव्हीचा आवाज तिच्यात फाटतो. आणि स्पीकरच्या तारा जिथे जोडतात तिथे टीव्हीची वायर कधीही जोडू नये. तिथून ताकद बाहेर पडते, ती टीव्हीचं सर्किट जाळेल. नवा टीव्ही घेताना दुकानात त्याची मागची बाजू पाहा. हेडफोन किंवा ऑप्टिकल, यांपैकी एक तरी असलेला घ्या. स्वतःला जमत नसेल तर गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारी जुनी माणसं अजून आहेत. डिनची पिन आणि सिरीज लॅम्प त्यांना समजावून सांगावा लागत नाही. भंगारवाल्याला बोलावण्याआधी एकदा त्यांच्याकडे जा.