सोनेरी कडेचे पत्ते: विजयाची प्रतिकृती विकली जाते तेव्हा (धागा)

१/ फेब्रुवारी १९९६, न्यूयॉर्क. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची पहिली ‘प्रो टूर’ स्पर्धा मायकेल लोकोंटो याने जिंकली. त्याच वर्षी त्याचा विजयी डेक, पत्त्यामागून पत्ता जसाच्या तसा, दुकानांत विक्रीस आला. मात्र विकत घेतलेल्या त्या पत्त्यांनी कोणत्याही अधिकृत स्पर्धेत खेळता येत नव्हते.

२/ थोडी पार्श्वभूमी. गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड याने रचलेला हा खेळ ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणला. पत्ते बंद पाकिटांतून मिळत. आत काय निघेल ते आधी कळत नसे. त्यांतून निवड करून खेळाडू किमान ६० पत्त्यांचा डेक बांधतो आणि सोबत १५ राखीव पत्ते ठेवतो. डेक ही खेळाडूची स्वतःची रचना असते.

३/ स्पर्धा संपली की ही रचना मोडते. पत्ते दुसऱ्या डेकमध्ये जातात, विकले जातात, उसने आणलेले परत केले जातात. म्हणूनच पहिल्या प्रो टूरच्या अंतिम आठ खेळाडूंचे डेक कंपनीने छापले, तेव्हा नकळत एक अभिलेखागारच उभे राहिले.

४/ मूळ आणि प्रतिकृती यांची गल्लत होऊ नये म्हणून पत्त्यांना सोनेरी कडा दिली, पाठ निराळी ठेवली आणि दर्शनी बाजूवर खेळाडूची स्वाक्षरी छापली. १९९७ पासून २००४ पर्यंत दरवर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील चार डेक असे निघत राहिले.

५/ त्याच १९९६ साली नेमका उलटा प्रयोगही झाला. जागतिक विजेता टॉम चॅनफेंग याला जगात एकच प्रत असलेला पत्ता बक्षीस मिळाला. एकाच खेळात, एकाच वर्षी, विजयाची आठवण एकदा अद्वितीय करून जपली गेली आणि एकदा सर्वांना वाटून.

६/ पण अभिलेखागारही निवड करते. २००० साली ब्रुसेल्समध्ये जॉन फिंकेल आणि बॉब मेहर अंतिम सामन्यात भिडले. दोघांचे डेक जवळजवळ एकसारखे होते. त्या वर्षीच्या चार प्रतिकृतींत फिंकेल आहे, उपविजेता मेहर नाही. ग्राहकाला चार वेगवेगळे डेक हवे असतात, हे कारण असावे. संचावरून इतिहास वाचणाऱ्याला तो अंतिम सामना अर्धाच दिसतो.

७/ आता पैशाची बाजू. जुने दुर्मीळ पत्ते पुन्हा छापल्याने संग्राहक नाराज झाले, म्हणून कंपनीने १९९६ मध्ये एक राखीव यादी जाहीर केली: हे पत्ते पुन्हा छापणार नाही. तरीही त्या यादीतील ‘गायाज क्रेडल’ १९९९ च्या संचात सोनेरी कडेने छापलेला आढळतो. स्पर्धेत चालत नाही, म्हणून वचनभंगही नाही.

८/ पुढे मूळ पत्ते सामान्य खेळाडूच्या आवाक्याबाहेर गेले आणि सोनेरी पत्त्यांचे भाग्य पालटले. मित्रमंडळींच्या घरगुती डावांत, सर्वांची संमती असेल तर, ते मूळ पत्त्याच्या जागी खेळले जाऊ लागले. कपाटात ठेवण्यासाठी केलेली वस्तू खेळात परतली. आणि यथावकाश तिच्याही किमती चढल्या.

९/ २०२२ मध्ये तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त कंपनीने स्पर्धेत न चालणाऱ्या जुन्या पत्त्यांचा संच काढला. १५ पत्त्यांची चार पाकिटे, किंमत ९९९ डॉलर. खेळाडू संतापले. प्रतिकृतीला त्यांचा विरोध नव्हता. सोनेरी कडा तर त्यांनी आपलीशी केली होती. राग होता तो सर्वांसाठी असू शकणारी गोष्ट पुन्हा मूठभरांची केल्याचा, तीही काय निघेल याची खात्री न देता.

१०/ प्रतिकृती ‘खोटी’ म्हणून बाजूला सारण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकाला असते. लोकोंटोचे मूळ पत्ते आज एकत्र नसले, तरी त्याने काय निवडले आणि काय वगळले हे सोनेरी कडेचे ७५ पत्ते अजूनही सांगतात. फक्त ते वाचताना दोन प्रश्न जवळ ठेवावेत: हे कोणी छापले, आणि कोणाला विकण्यासाठी?