सून पुण्यात आहे

आमच्या स्नेहलतागंजात हल्ली कोण कामावर गेलं आणि कोण घरी आहे, ते गल्लीतून सांगता येत नाही. सून पुण्याच्या कंपनीत आहे, आणि तिचं टेबल आमच्या वरच्या खोलीत. मी आर्ट्‌सची पदवीधर. राउटर आणि तारा हा काही माझा प्रांत नव्हे. पण आपल्या घरात काय चाललंय ते समजून घेतल्याशिवाय आपल्याला, मैत्रिणींनो, चैन पडत नाही. मी विचारत गेले, ती सांगत गेली.

पूर्वी कंपनीचं नेटवर्क म्हणजे जुना वाडा. सगळा माल, म्हणजे सर्व्हर, आत. शाखांना जोडायला लीज्ड लाइन, महागाची पण खात्रीची. दारावर फायरवॉलचा पहारा. आत आला तो घरचा, बाहेरचा तो परका.

25 मार्च 2020 ला देशभर लॉकडाउन लागला आणि वाड्यातली माणसं एकदम बाहेर पडली. त्यांना आत यायला व्हीपीएन नावाचा बंद बोगदा होता. तो होता मोजक्या फिरतीवरच्या लोकांपुरता. त्यात आता सगळेच शिरले. त्यात गंमत अशी की माल तरी वाड्यात कुठे उरला होता? मेल, हिशेब, मीटिंगा केव्हाच क्लाउडवर गेल्या होत्या. क्लाउड म्हणजे आभाळातलं काही नव्हे, दुसऱ्याच्या इमारतीत भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये पुणे, मुंबई, चेन्नईत आणि अ‍ॅमेझॉनने 2016 मध्ये मुंबईत ही सोय उभी केली. तरी सुनेचं काम इथून आधी बोगद्याने हेड ऑफिसात जाई, तिथून क्लाउडवर, आणि त्याच वाटेने परत. म्हणजे स्नेहलतागंजातून राजवाड्याला जायचं, पण आधी देवासला हजेरी लावून!

मीटिंगमध्ये तिचा चेहरा अडकून पडे, आवाज तुटे. लॉकडाउन उठल्यावर वरचे साहेब म्हणू लागले, इंदूरहून जमत नसेल तर पुण्याला या. मुलाचा धंदा इथे, नातीची शाळा इथे. एकतर घर दोन गावांत वाटायचं, नाहीतर दहा वर्षांची नोकरी सोडायची. आणि अशा वेळी कोणाची नोकरी सुटते, ते मी तुम्हाला सांगायला नको. सून मात्र म्हणाली, "आई, लाइन आपली चांगली आहे. रस्ता वाकडा आहे."

तो रस्ता कंपनीने सरळ केला. क्लाउडचं काम घरून थेट क्लाउडवर. शाखांमध्ये एकाच महागड्या लाइनवर न विसंबता साध्या ब्रॉडबँडच्या लाइनीही घेतल्या, आणि कुठलं काम कुठल्या लाइनने जावं ते सॉफ्टवेअर ठरवू लागलं. त्याला एसडी-वॅन म्हणतात. सरकारी नियमही बदलले होते. कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना घरून काम द्यायला दूरसंचार विभागाच्या अटी होत्या, अनामत भरावी लागे. मार्च 2020 मध्ये त्या तात्पुरत्या सैल झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये नियमच सोपे केले गेले.

मग पहारा कुठे? तो दारावरून माणसावर आला. कोण आहेस, लॅपटॉप कंपनीचाच का, तुला नेमकं काय पाहायचंय, हे पुन्हा पुन्हा विचारायचं आणि गरजेपुरतंच उघडायचं. नाव झीरो ट्रस्ट. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "हे तर जुन्या सासवांचं धोरण!" मला आपलं गाळलेलं पाणी आठवलं. एकदा गाळलं म्हणून दिवसभर चालत नाही. 48 मिनिटं झाली की पुन्हा गाळायचं. त्यात पाण्यावर राग नसतो, काळजी असते.

कंपनीचा रस्ता सरळ झाला. घरातला व्हायचा होता. ती लॅपटॉपसमोर असली तरी "घरीच आहेस ना, जरा दूध बघ," "कुरियरवाला आलाय," "पाहुण्यांना चहा टाक." पुण्याच्या ऑफिसात बसलेल्या बाईला हे कोणी सांगितलं असतं का? मुलगा दुकानात असतो, त्याला तर कोणी दुधासाठी हाक मारत नाही. कंपनीने जागेचं भाडं वाचवलं, इंटरनेटचं बिल देऊ केलं. पण इन्व्हर्टर, वीज आणि शांतता आमची. सुनेला शांतता मिळावी म्हणून कुकर मी सकाळी लवकर लावते.

शेवटी मी घरात सांगून टाकलं : वरचं दार बंद असेल तर सून पुण्यात आहे. दुधाकडे जो खाली असेल तो पाहील, मग तो मुलगा असो की मुलाचे बाबा. पहिले काही दिवस दोनदा दूध उतू गेलं. आता ह्यांना गॅस कधी बारीक करायचा ते कळतं.