यंदाच्या कबड्डीत आमच्या मुली

पोळा झाला, सोयाबीन पिवळं पडायला लागलं की आमच्याकडे कॉलेजांच्या कबड्डीची चर्चा सुरू होते. कोणत्या कॉलेजात कोण नवीन आलं, कोणाचं शेवटचं वर्ष आहे, कोणाचा गुडघा अजून दुखतो, याच्या खबरा बसस्टँडपर्यंत पोचतात. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे 5 जिल्हे : अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि आमचा बुलढाणा. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत चमकलं की विद्यापीठाच्या संघात निवड होते. अशा खेळाडूला 'कलर होल्डर' म्हणतात आणि हा शब्द आमच्या गावांत एखाद्या पदवीसारखा उच्चारला जातो.

मुलांच्या संघांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी मुलींच्या संघांविषयी लिहिते. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे यातल्या बऱ्याच मुली माझ्यासमोर लहानाच्या मोठ्या झाल्या. पुढे कॉलेजात गेल्या तरी रस्त्यात भेटल्या की सलाम किंवा नमस्कार करतात आणि लगेच सरावाचं सांगायला लागतात.

आधी खेळाचं बोलू. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की मोताळा, पुढे मलकापूर, नांदुरा, खामगाव. पण संघांची विभागणी मी घाटावरून करत नाही. मला दोन प्रकारचे संघ दिसतात. एक शहरातल्या मोठ्या कॉलेजांचे. तिथे मुली जास्त, निवडीला वाव जास्त, उंचपुऱ्या चढाईपटू मिळतात, कुठे कुठे मॅटवर खेळायची सवयही असते. दुसरे लहान कॉलेजांचे, ज्यांत एकाच गावच्या किंवा शेजारच्या दोन गावांच्या चार-पाच मुली असतात. त्या पाचवीपासून एकत्र खेळलेल्या. कोपऱ्यातलीने घोटा धरला की शेजारची काय करणार, हे त्यांना न बघता कळतं.

मुलींचा सामना 15-15 मिनिटांच्या दोन डावांचा, मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद. एवढ्या जागेत चांगली चढाईपटू पहिल्या डावात धुमाकूळ घालते. समोर 6 किंवा 7 जणी असल्या की बोनस रेषेवर पाय टाकून एकेक गुण गोळा करते, एखादा लोणही चढवते. पण दम कमी झाला की तिचे पाय जड होतात आणि मग सामना पकडीवर जातो. समोर 3 किंवा त्याहून कमी मुली उरल्या असताना पकड झाली, तर बचाव करणाऱ्यांना 1 गुण जादा मिळतो. म्हणून हरत आलेला संघ पकडीच्या जोरावर परत येऊ शकतो. एका गावच्या मुलींचे संघ असेच परत येतात. माझा यंदाचा अंदाज सांगते : मध्यांतराला शहरातले संघ पुढे असतील आणि शेवटच्या 5 मिनिटांत त्यांची परीक्षा असेल. चढाईपटू आमच्याकडे ढिगाने आहेत, डाव्या कोपऱ्यात उभी राहणारी धीराची मुलगी मात्र दुर्मीळ. जिच्याकडे ती आहे, तो संघ वर जाईल.

अशी एक मुलगी मला माहीत आहे. उर्दू माध्यमातून दहावी झाली, बारावी झाली, आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. बोलते कमी. चढाईपटू आत आली की ही अर्धं पाऊल मागे सरकते, समोरचीला वाटतं घाबरली, आणि तेवढ्यात घोटा हिच्या हातात असतो. डोक्याला ओढणीऐवजी घट्ट बसणारा स्कार्फ, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, त्यावर संघाचा बनियन, खाली ट्रॅक पँट. कॉलेजच्या सरांनी त्याला कधी हरकत घेतली नाही आणि तिच्या खेळाला त्याची कधी अडचण झाली नाही.

कपड्यांवरून कोणी तोंड वाकडं केलं तर मी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट सांगते. मुलींच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला 27-24 असं हरवलं. इराणच्या मुली डोकं झाकून खेळल्या आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. भारत हरल्याचं मलाही वाईट वाटलं होतं. पण मराठी बाईने शिकवलेल्या मुस्लिम मुलींनी सुवर्णपदक नेलं, ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यात एका घरी सांगितली तेव्हा एका आजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मुलांना मी अस्लम इनामदारचं नाव सांगते. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा मुलगा, 2024 च्या मार्चमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने प्रो कबड्डी पहिल्यांदा जिंकली.

आणि कबड्डी आमच्या विद्यापीठाला काही टीव्हीमुळे कळलेली नाही. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी जगाला हा खेळ दाखवायला गेलेलं पथक अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं होतं. त्याच अमरावतीच्या संघनिवडीपर्यंत मोताळ्याची मुलगी पोचणार की नाही, एवढाच प्रश्न आहे.

तो प्रश्न मैदानावर सुटत नाही. मुलींच्या संघाची अंतिम यादी घरांत ठरते. सोयाबीनची सोंगणी आणि कबड्डीचे सामने बहुतेक एकाच वेळी येतात. ज्या घरी मजूर लावायला पैसे नाहीत, त्या घरची चढाईपटू त्या आठवड्यात वावरात असते. कोणाला बघायला पाहुणे येणार असतात. कोणाची मंगनी झालेली असते आणि सासरकडून निरोप येतो की आता पुरे. यात हिंदू-मुसलमान असा फरक मला फारसा दिसलेला नाही. आमच्या मुलींच्या बाबतीत बाहेरचे लोक लगेच धर्माचं कारण काढतात. मोहल्ल्यात 'लोक काय म्हणतील' म्हणणारे आहेत, नाही असं नाही. पण त्या मुलीच्या घरी मी गेले तेव्हा तिच्या अब्बूंनी विचारलं ते वेगळंच.

"मॅडम, सामना संपला तर परत यायला गाडी कोणती?"

अब्बू जिनिंगवर कामाला जातात. मुलगी खेळते याचा त्यांना अभिमान आहे, लपवत नाहीत. पण मागे एकदा सामने लांबले, मगरिब होऊन गेली, शेवटची एसटी निघून गेली आणि मुली रात्री उशिरा कोणाच्या तरी गाडीने आल्या. त्या रात्री अम्मी दारात उभ्या होत्या. त्यांना खेळाची भीती नाही, त्या रात्रीची आहे. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, पैशांची अडचण थोडी कमी झाली. पण अर्ध्या तिकिटाला गाडीही असावी लागते.

म्हणून यंदा आम्ही दोन-तीन शिक्षिकांनी साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. स्पर्धेची तारीख कळली की त्याच दिवशी घरी सांगायची, आदल्या रात्री नाही. सोबत एक बाई असेल, तिचा नंबर प्रत्येक घरी लिहून द्यायचा. परतीचं वाहन आधी ठरवायचं. कॉलेजचं संमतीपत्र मराठीत असतं, काही अम्मींना फक्त उर्दू वाचता येतं, तर खाली तोच मजकूर मी उर्दूत लिहून देते. सही करणाऱ्या बाईला आपण कशावर सही करतो हे कळलं पाहिजे. मागच्या आठवड्यात असे 4 कागद लिहिले. 3 सह्या होऊन आले.

चौथा त्या कोपऱ्यातल्या मुलीचा. अब्बू म्हणाले, जुम्म्यानंतर सांगतो. अम्मींनी मात्र उर्दू मजकूर दोनदा वाचला आणि विचारलं, "इसमें वापसी का टाइम कहाँ लिखा है?" लिहिलेलं नव्हतं, कारण कॉलेजच्या मराठी कागदावरही ते नव्हतं. आता दोन्हीकडे ती ओळ घालायची विनंती केली आहे.

तेव्हा माझा अंदाज पुरा करते. घाटाखालचा एखादा लहान संघ यंदा मोठ्यांना घाम फोडेल. त्याच्या डाव्या कोपऱ्यात ही मुलगी उभी असेल तर उपांत्य फेरीपर्यंत नक्की, पुढचं नशीब. ती नसेल तर पहिल्या दोन फेऱ्यांत घरी. बाकी सगळ्या संघांची तयारी मी पाहिली आहे, त्यांच्याविषयी मला शंका नाही. माझं लक्ष त्या एका सहीकडे आहे.