घराचें स्मरण कोणीं ठेवावें?

खंडाळा म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें बोरघाटांतील थंड हवेचें ठिकाण उभें राहतें. आमचें खंडाळा तें नव्हे. पुण्याहून साताऱ्यास जातांना खंबाटकी घाटाच्या अलीकडे जें तालुक्याचें गांव लागतें, तें आमचें. तेथील आमच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं आठ माणसें असून, नववा, माझा धाकटा पुतण्या, अमेरिकेंत आहे. या घरांत गेल्या हिवाळ्यांत एक वाद उपस्थित झाला. तो वाद आज ना उद्यां वाचकांच्याहि घरीं येणार, म्हणून त्याची हकीगत येथें देत आहें.

वादाचें मूळ एका चुकीत होतें. वहिनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं पुण्यास गेल्या होत्या. मार्गशीर्षांत आमच्या वडिलांचें श्राद्ध असतें. स्वयंपाकघरांतील कालनिर्णयावर दर वर्षीं त्या तिथीभोंवतीं वहिनींच्या हातचें पेन्सिलीचें वर्तुळ असतें. या खेपेस तें नव्हतें. मीं मागील वर्षाचें पान काढलें, तेथील तारीख पाहिली आणि त्या बेतानें गुरुजींकडे गेलों. ते म्हणाले, "तिथि होऊन अकरा दिवस झाले कीं!" त्यांच्या सल्ल्यानें श्राद्ध पुढें अमावास्येस केलें, परंतु दादा त्या दिवशीं जेवतांना एक शब्दहि बोलले नाहींत.

ही बातमी अमेरिकेस पोंचली तेव्हां पुतण्यानें तोडगा सुचविला. तिकडे पुष्कळ घरांत भिंतीवर डिजिटल कॅलेंडर लावतात. 'स्कायलाइट', 'हार्थ' अशा नांवांनीं तीं विकलीं जातात. प्रत्येक माणसास एक रंग, ज्याचें काम त्याच्या रंगांत. कोणी कोठूनहि आपल्या मोबाइलवर नोंद केली कीं ती घरच्या पडद्यावर उमटते. त्यानें सांगितलेली किंमत रुपयांत पंचवीस हजारांच्या पुढें जात होती, आणि ती तो स्वतः देणार होता.

थोरला पुतण्या शिरवळच्या कारखान्यांत पाळीनें काम करतो. त्याला हें फार आवडलें, आणि त्याचें म्हणणें वावगें नव्हतें. त्याची पाळी बदलल्याचें मोबाइलवर समजतें तेव्हां तो घरीं नसतो. ती घरीं न समजल्यामुळें डबा वायां जातो, मुलांना शाळेंतून आणावयाचें राहतें. सूनबाईंनीं मात्र विचारलें कीं, जें काम मोबाइलमधील कॅलेंडर फुकट करतें त्यासाठीं एवढा पैसा कशाला? मीं विजेचा हिशेब केला. पडद्यास पंधरा वॉट लागतात असें धरलें, तर अहोरात्र चालू ठेवल्यास वर्षाला सुमारें 130 युनिट होतात. शिवाय पावसाळ्यांत आमच्याकडे वीज गेली कीं घराचें स्मरणहि अंधारांत जावयाचें!

माझा मुख्य आक्षेप मात्र पंचांगाचा होता. यंत्राला वाढदिवस एकदां सांगितला कीं तें दर वर्षीं त्याच तारखेस तो दाखवितें. तिथीचें तसें नाहीं. चांद्र वर्ष सुमारें 354 दिवसांचें; म्हणून सण दर वर्षीं दहा-अकरा दिवस अलीकडे येतात, आणि अधिक मास आला कीं एकदम पुढें जातात. आषाढी एकादशी 2024 सालीं 17 जुलैला होती, 2025 सालीं 6 जुलैला. आणि 2026 सालीं अधिक ज्येष्ठामुळें ती 25 जुलैला. माउलींची पालखी आमच्या तालुक्यांत लोणंदला येते, तेव्हां आम्ही दर वर्षीं शिधा घेऊन जातों; तोहि दिवस याच हिशेबानें हलतो. सारांश, मीं जी चूक केली तीच तें यंत्र दर वर्षीं बिनचूकपणें करील! यावर थोरल्या पुतण्यानें उत्तर दिलें कीं, पंचांग पाहून वर्षाच्या तिथी एकदां भरून टाकल्या म्हणजे झालें. तेंहि खरेंच. कालनिर्णय 1973 सालीं जयंतराव साळगांवकरांनीं सुरू केलें, तेव्हां त्यांनीं तरी दुसरें काय केलें? पंचांग जाणणारांपुरतें असलेलें ज्ञान तारखेच्या चौकटींत घालून भिंतीवर आणलें.

इतकें होईतों वहिनी परत आल्या होत्या. सर्वांचें ऐकून घेऊन त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, यंत्र खुशाल घ्या; पण त्यांत भरणार कोण?"

आम्ही सर्वजण एकमेकांकडे पाहूं लागलों.

त्या रात्रीं मीं माळ्यावरची पेटी उघडली. दुधाच्या हिशेबासाठीं आमच्याकडे जुनीं कॅलेंडरें जपून ठेवितात. गेल्या दोन वर्षांचीं पानें उलटलीं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, दादांच्या रक्ताची तपासणी, नातीची परीक्षा, माझ्या दातांचा डॉक्टर, सर्व कांहीं होतें आणि सर्व एकाच हातचें होतें. पुढें पुढें तें अक्षर मोठें आणि वाकडें होत गेलें होतें. कार्तिकानंतर तें थांबलेंच. वहिनींना बारीक छापील तिथी दिसेनाशा झाल्या होत्या. वडिलांच्या तिथीभोंवतीं वर्तुळ कां नव्हतें तें मला तेव्हां कळलें. आणि त्या चोवीस पानांत त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीची तारीख एकदांहि नव्हती. ती लिहावी असें त्यांना वाटलें नाहीं, आणि त्यांच्यासाठीं आपण लिहावी असें आम्हां कोणालाच सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं घरांत एवढेंच सांगितलें कीं, यंत्राचा निर्णय तीन महिन्यांनीं करूं. तोंवर ज्याचें काम त्यानें आपल्या हातानें कागदावर लिहावें. तिथींचें काम मीं पत्करलें. सोलापूरचें दाते पंचांग पुढें घेऊन एका दुपारीं वर्षाच्या तिथी उतरल्या, आणि हें काम वहिनी चाळीस वर्षें कोणास न सांगतां करीत आल्या हें प्रथमच मनांत आलें.

तीन महिने झाले. मीं दोनदां विसरलों. दादा एकदांहि नाहीं. पाळीची अडचण मात्र कागदानें सुटली नाहीं. तेवढ्यापुरता घरांतील जुना टॅबलेट स्वयंपाकघरांत उभा केला आहे. पुतण्या कारखान्यांतून त्यावर आपली पाळी कळवितो. नवें यंत्र घेतलें नाहीं. ज्या घरांतील माणसें चार गांवीं विखुरलेलीं आहेत आणि चारहि ठिकाणांहून नोंदी करावयास तयार आहेत, त्यांनीं तें अवश्य घ्यावें. पण लिहिणारा हात एकच राहणार असेल, तर पंचवीस हजार रुपये देऊन आपण त्या हाताला पेन्सिलीऐवजीं पडदा देतों, दुसरें कांहीं नाहीं.

आमच्या कॅलेंडरावर आतां पांच-सहा प्रकारचीं अक्षरें आहेत. पान दिसावयास गबाळें दिसतें. वहिनींच्या दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्याच्या पानावर आहे. ती दादांच्या अक्षरांत आहे.